बेवारशी कुत्र्याचे घर



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचे नाव पाहून आपल्यापैकी पुष्कळांनी अशी समजूत करून घेतली असेल की, आज संपाचा, बोनसाचा, नाहीतर गिरण्यांच्या जमिनींचा विषय निघणार. तो विषय आमच्या हयातीत संपणारा नाही, तेव्हा तो एक दिवस थांबला तरी चालेल. चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि आम्ही कुत्रा निवडला. आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आणि मोर्चे यांच्या मधल्या वेळात वाचले. इतिहासकाराची शिस्त आमच्या बोलण्यात सापडली नाही, तर श्रोत्यांनी ते पदरात घ्यावे. या विषयाच्या मुळाशी आमच्याकडून घडलेला एक अपराध आहे. तोही आम्ही आज सांगणार आहोत. पण जरा थांबून.

मुंबईत कापसाची पहिली गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली आरंभला. त्याच्याही बावीस वर्षे आधी या शहराने एक कडकडीत हरताळ पाहिला होता. तो मजुरीसाठी नव्हता. तो कुत्र्यांसाठी होता!

त्या वेळी कंपनी सरकारचा अंमल होता. वर्षातल्या ठरावीक मुदतीत मोकाट कुत्रे मारण्याची मुभा सरकारी नियमाने दिलेली होती आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ साली पोलीस मॅजिस्ट्रेटने ही मुदत वाढवली. आता जेथे नगामागे मजुरी असते तेथे काय होते, हे कामगारांना शिकवावयास नको. नग वाढवणे हाच तेथे धर्म होतो. कुत्रे मारणारे रस्ता सोडून लोकांच्या आवारात शिरू लागले, आणि मोकाट कोणता व राखलेला कोणता हा भेद आठ आण्यांपुढे उरला नाही. ६ जून रोजी पारशी लोकांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान मोठे. माणूस मेल्यावर प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते; त्या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. त्या दिवशी कुत्रे मारणाऱ्यांवर आणि त्यांच्याबरोबरच्या शिपायांवर जमाव तुटून पडला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात उतरले. गोऱ्या पलटणीची रसद तटली. शेवटी फौज बोलवावी लागली, दंग्याचा कायदा वाचून दाखवण्यात आला आणि धरपकड झाली.

पुढचा भाग आम्हांला विशेष ओळखीचा वाटला. दंगा करणारे तुरुंगात गेले, आणि प्रतिष्ठित शेठ मंडळींनी, आपला त्यात हात नव्हता असे सांगून, दयेचा अर्ज लिहिला. पण त्या अर्जाला आम्ही हसणार नाही. कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावेत अशी तडजोड त्यातूनच निघाली. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरास पांजरपोळ स्थापन केली. आज तेथे गाईगुरे दिसतात. पण तिच्या जन्माशी मोकाट कुत्र्यांचा असा संबंध आहे. पांजरपोळीचा हेतू जनावराला मरेपर्यंत सांभाळण्याचा. ते कोणी घरी न्यावे, आपल्या उंबऱ्याच्या आत घ्यावे, ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. दयेने कुत्र्याचा जीव वाचवला, घर मात्र दिले नाही.

याच ओघात एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. परळचे जनावरांचे इस्पितळ आपण सर्वांनी पाहिले आहे. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावाने ते काढले, साल १८८३. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. मागण्या काय, तर आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झाल्यास भरपाई. सुटी मिळावयास १८९० साल उजाडले. आम्ही तरुणपणी सभांतून हे दोन सनांचे जोडपे फार आवेशाने सांगत असू, आणि टाळ्याही मिळत. आज तो आवेश आम्हांला पुरता पटत नाही. बैलाच्या पायाला मलमपट्टी झाली म्हणून कामगाराची सुटी अडली नव्हती. ती अडवणारे कारण वेगळे होते, आणि ते इस्पितळात नव्हते.

आता कुत्रा घरी देण्याची कल्पना कोठून आली ते पाहू. त्यासाठी लंडनला जावे लागते. १८६० च्या ऑक्टोबरात मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हॉलोवे भागात, हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी एक घर उघडले. त्याच्या नावातच ‘तात्पुरते’ असा शब्द होता. टेम्पररी शब्दावर आमचा जन्मभर राग. पण येथे तो शब्द शहाणपणाचा होता. कुत्र्याने येथे मुक्काम करावयाचा नाही, मालक सापडला तर त्याच्याकडे, न सापडला तर नव्या मालकाकडे जावयाचे. लंडनच्या ‘टाइम्स’ने बाईंची यथेच्छ टिंगल केली. माणसांची मुले रस्त्यावर असताना कुत्र्यांना घर कसले, असा त्या टिंगलेचा सूर होता. हा आक्षेप आजही कोणी काढला की त्याला आपण नवीन काही बोललो असे वाटते! मेरीबाई १८६५ साली वारल्या. १८७१ साली ते घर बॅटरसीला हलले आणि अजून तेथे आहे.

चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात १८६२ साली ‘दोन श्वान-प्रदर्शने’ या अर्थाच्या मथळ्याचा एक लेख आला होता. एक प्रदर्शन इझ्लिंग्टनचे. तेथे जातिवंत, पैदास केलेले कुत्रे बक्षिसांसाठी मांडलेले. दुसरे जवळच हॉलोवेचे. तेथे खरजुले, हाडे निघालेले, कोणाचेच नसलेले. लेखाचा कौल दुसऱ्याच्या बाजूचा होता. हा लेख महत्त्वाचा अशासाठी की, कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन इंग्लंडात न्यूकॅसलला १८५९ साली भरले, बेवारशी कुत्र्यांचे घर १८६० साली निघाले, आणि कुत्र्यांच्या वंशावळी राखणारा केनेल क्लब १८७३ साली. म्हणजे ‘जातिवंत’ कुत्रा आणि ‘बेवारशी’ कुत्रा ही एकाच काळातली भावंडे आहेत. एकाची किंमत चढली तशी दुसऱ्याची उतरली. शिकारी, धनगरी, राखणीचे असे कुत्रे त्याआधीही होतेच. परंतु ते कामावरून ओळखले जात. कागदावरच्या जन्मावरून लायकी ठरवण्याची रीत या देशात आम्हांला परिचित आहे. ती कुत्र्यांनाही लागू झाली, एवढेच.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला कॅरोलाइन अर्ल व्हाइट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १८६९ पासून हे काम हाती घेतले. न्यूयॉर्क शहरात मात्र त्या काळात पकडलेले कुत्रे लोखंडी पिंजऱ्यात भरून ईस्ट नदीत बुडवीत. तो कोंडवाडा १८९४ साली प्राणिरक्षक संस्थेकडे आला. कत्तल संपली असे नव्हे. जागा भरली की या घरांतही कुत्रे मारले जात, अमेरिकेत तर लाखांच्या संख्येने, आणि अजूनही काही ठिकाणी मारले जातात. पण निदान पिंजऱ्यासमोर एक कुटुंब येऊन उभे राहू लागले आणि ‘यांतला कोणता आपल्याला चालेल?’ असा प्रश्न विचारू लागले. हा प्रश्न नवीन होता.

आमच्याकडे हा प्रश्न इतका उशिरा का आला? आमचे पूर्वज निर्दय होते म्हणून नव्हे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकली. देव्हाऱ्यात कुत्रा होता, ओसरीवर होता, आळीत होता, घरात नव्हता. आणि तसा तो नसल्याने त्याचे फारसे अडतही नव्हते.

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. चाळीत एक पिवळा कुत्रा होता. तो कोणाचा, असे कोणी विचारले नाही. त्याला पहाटे पहिल्या पाळीला जाणारा एक जण पाव टाकी, दुपारी कोणाच्या तरी खानावळीतले उरलेले मिळे, आणि रात्री दोन वाजता दुसरी पाळी उरकून येणाऱ्यांना तो नाक्यापासून दारापर्यंत पोचवी. चाळीत चोवीस तास कोणी ना कोणी जागे असे. कोणाला कुत्र्याची भीती होती, कोणाला विटाळ वाटे. पण चाळीस खोल्यांत मिळून एक कुत्रा सहज सामावत असे. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळी पाडून मनोरे उठले. मनोऱ्याला फाटक आले, फाटकाला पहारेकरी आला, आणि आळीचा कुत्रा फाटकाबाहेर राहिला. जे काम चाळीस बिऱ्हाडे वाटून घेत, ते आता एका बिऱ्हाडाने अंगावर घ्यावयाचे, याचे नाव कुत्रा दत्तक घेणे. आमच्या इतिहासात दत्तक घेत ते गादीसाठी, वतनासाठी, दिवा लावावयासाठी. सातारचे दत्तक डलहौसीने १८४८ साली नामंजूर केले तेव्हा राज्य गेले. येथे दत्तकाकडून मिळणार काहीच नाही, उलट खर्च आहे.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. मुंबई महापालिका मोकाट कुत्रे विजेच्या धक्क्याने मारीत असे. ते १९९४ साली थांबले. १९८५ पासून या शहरात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणारी संस्था उभी होती. तिच्यासारख्या संस्थांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लस हा मार्ग धरला. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीचे फळ होय. त्याखाली २००१ साली नसबंदीचे नियम झाले आणि २०२३ साली ते नव्याने केले गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रथम दिल्ली व भोवतालच्या प्रदेशातील सर्व मोकाट कुत्रे निवाऱ्यांत ठेवावेत असा हुकूम दिला. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तो बदलला. नसबंदी आणि लस झाल्यावर कुत्रा मूळ जागी सोडावा, पिसाळलेला वा अंगावर येणारा सोडू नये, असे ठरले. त्याच हुकुमात असेही म्हटले आहे की, ज्याला रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्याने नगरपालिकेकडे अर्ज करावा, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची.

येथे आमच्या कामगार बंधूंच्या वतीने एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कुत्रा चावतो तो मोटारीत बसलेल्याला नव्हे. रात्रपाळीहून पायी येणाऱ्याला, कचरा वेचणाऱ्या बाईला, तिच्या पोराला चावतो. जगात पिसाळीने मरणाऱ्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा आपल्या देशातला आहे. त्यांतले बहुतेक गरीब, आणि पुष्कळ मुले. चावल्याबरोबर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक इस्पितळ गाठून लस घ्यावी, इतके जरी प्रत्येक वस्तीत पोचले तरी जीव वाचतील. ही लस शोधणाऱ्या पाश्चरने १८८५ साली पहिल्यांदा ती एका नऊ वर्षांच्या मुलाला टोचली, आणि तो मुलगा जगला. तेव्हा कुत्र्याला घर मिळावे ही भूतदया तर खरीच. पण लस टोचलेला, दोरीने फिरणारा, ज्याला जबाबदार माणूस आहे असा प्रत्येक कुत्रा हा रस्त्याच्याही फायद्याचा आहे.

आता आमचा अपराध.

आम्हांला पुनर्वसनात मिळालेली जागा चौदाव्या मजल्यावर आहे. घरात आमच्या मातोश्री, वय अठ्ठ्याहत्तर; पत्नी, ती नोकरी करते; मुलगी कॉलेजात. आम्ही सकाळी बाहेर पडतो ते रात्री दहाला उगवतो. मुलीच्या हट्टावरून आम्ही एका निवाऱ्यात गेलो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एक आठ महिन्यांचा तांबडा कुत्रा जाळीवर उड्या मारीत पुढे आला. त्याने आमचा हात चाटला आणि आम्ही विरघळलो. तेथील माणसाने काही विचारले नाही, आम्हीही विचारले नाही. एक सही केली, कुत्रा घेऊन आलो.

आठ महिन्यांच्या दांडग्या जनावराला दिवसात दोन तास धावणे हवे, त्याला आम्ही वीस मिनिटे देत होतो. बाकीचा दिवस तो आणि मातोश्री, आणि गुळगुळीत फरशी. सतराव्या दिवशी दाराची घंटा वाजली, तो आनंदाने झेपावला, मातोश्री पडल्या आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. त्याच संध्याकाळी आम्ही त्याला परत नेऊन सोडले. तो जाळीशी उभा राहिला. आम्हांला आमचे वडील आठवले. वडील सात वर्षे बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहावयाचे, जॉबरने बोट दाखवले तर काम, नाहीतर परत. ते सांगत, न निवडल्याचे दुःख सहन होते. पण आत घेऊन आठ दिवसांनी बाहेर काढले, की घरी तोंड दाखववत नाही. आम्ही ज्या गोष्टीविरुद्ध तीस वर्षे भांडलो तीच आम्ही केली होती, आणि तीही अंगठा-सहीच्या करारावर.

त्यानंतर आम्ही वाचावयास बसलो. हे आधी करावयास हवे होते. स्कॉट आणि फुलर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षे पिल्ले वाढवून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास त्याची माणसांशी ओळख घडते. ती हुकली तर पुढे भय जात नाही, निदान फार सायासाने जाते. म्हणून पिल्लाचे ते आठवडे कोठे गेले हे विचारावे. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू घेऊ नये. पुढे अमेरिकेतल्या निवाऱ्यांनी आणखी एक युक्ती काढली. कुत्र्याची परीक्षा घ्यावयाची, कुटुंबालाही प्रश्न विचारावयाचे, आणि दोघांना रंगीत पत्ते देऊन जुळवावयाचे; आपल्याकडे पत्रिका जुळवतात तसेच. पण २०१६ साली पॅट्रोनेक आणि ब्रॅडली या संशोधकांनी हिशेब मांडून दाखवले की, निवाऱ्यातल्या परीक्षेवरून कुत्रा घरात कसा वागेल हे सांगणे नाणे उडवण्याहून फार सरस नाही. पिंजऱ्यात भेदरलेले जनावर आपला खरा स्वभाव दाखवीतच नाही. त्यावरून आम्ही असे समजलो की, कुत्र्याची परीक्षा अर्धीच होते. कुटुंबाची मात्र पुरी होऊ शकते. दुपारी दोन वाजता घरी कोण असते, हे काही नाणे उडवून ठरवावे लागत नाही.

वर्षभराने दुसऱ्या एका संस्थेत गेलो. या खेपेस मातोश्रींना बरोबर नेले. तेथील तरुण कार्यकर्तीने कुत्रा दाखवण्याआधी अर्धा तास आम्हांलाच धारेवर धरले. “काका, पावसात सकाळी खाली कोण नेणार? आजींना चालेल का? गावी गेलात तर हिला कोण बघेल? महिन्याचा खर्च धरलाय का? सोसायटीत कोणाची तक्रार?” सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही हे आम्हांला ठाऊक होते; पण शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवावे हे तिने सांगितले, आणि ते कायद्याहून उपयोगी पडले. मग तिने तीन कुत्रे दाखवले. दोन पुढे आले. तिसरी, पाच वर्षांची, मागच्या पायाने किंचित लंगडणारी काळी कुत्री, कोपऱ्यात बसून राहिली. मातोश्री स्टुलावर बसल्या आणि पाच-दहा मिनिटे नुसत्या बसल्या. ती कुत्री उठली, त्यांच्या पायाशी येऊन पुन्हा बसली.

“हीच बरी,” मातोश्री म्हणाल्या. “ही उगाच पुढे पुढे करत नाय.”

संस्थेने पंधरा दिवसांच्या बोलीवर तिला आमच्याकडे दिले. मोठे कुत्रे पिल्लापेक्षा बरे, हे आमच्या घरापुरते खरे ठरले. तिची वाढ पुरी झालेली, शी-शूची सवय लवकर लागली, आणि दिवसातले सोळा तास ती झोपते, मातोश्रींसारखीच. अशा संस्थांतून एक ठोकताळा सांगतात : तीन दिवस भय, तीन आठवडे ओळख, तीन महिन्यांनी घर. आमच्याकडे भयच तीन आठवडे राहिले. ती खाटेखाली असे, आणि आम्ही खाली वाकून बोलावीत नसू, कारण तसे करू नये अशी ताकीद होती. वाटी ठेवावयाची आणि आपल्या कामाला लागावयाचे. फरशीवर गोणपाट अंथरले. सकाळी मुलगी फिरवते, संध्याकाळी पत्नी, आणि रात्री दहाला आम्ही. आयुष्यात प्रथमच आम्ही सभा वेळेवर संपवू लागलो, याचे आमच्या सहकाऱ्यांना फार नवल वाटते. वर्षाला पिसाळीची लस, पावसाळ्यापूर्वी लेप्टोची. संस्थेच्या कागदावर ‘जात’ असा रकाना होता. कार्यकर्तीने त्यात ‘भारतीय’ असे लिहिले. मातोश्री तिला ‘बायो’ म्हणतात.

पहिल्या कुत्र्याची चौकशी आम्ही करीत होतो. तो भिवंडीला एका यंत्रमागाच्या आवारात गेला असे कळले. मागल्या दिवाळीत युनियनच्या कामासाठी त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा वाट वाकडी करून पाहावयास गेलो. आवार मोठे होते. तेथला रात्रीचा पहारेकरी उत्तरेकडचा, एकटा राहणारा माणूस. त्याने त्याचे नाव ‘राजा’ ठेवले होते. कुत्रा भरला होता, अंगावर तकतकी होती. आम्ही फाटकाशी उभे राहून त्याला जुन्या नावाने हाक मारली. त्याने आम्हांला ओळखले नाही. तो फाटकापर्यंत धावत आला आणि आमच्यावर मोठमोठ्याने भुंकू लागला. पहारेकऱ्याने त्याला धरले, “साहेब, अनोळखी माणसाला तो आत येऊ देत नाही,” असे म्हणाला, आणि आमच्यासाठी चहा सांगितला. तो आम्ही फाटकाबाहेर उभे राहूनच प्यालो.